एम, ए, आर, जे, ए

शनिवार, ५ एप्रिल, सकाळी साडेदहा. रक्कम एकशे चाळीस डॉलर, एका भेटीची. रुग्णाने नकार दिला तरी पूर्ण देणे. हजर: माझी आई, मी, माझा नवरा आणि घरी येऊन व्यायाम करून घेणारी फिजिओथेरपिस्ट. ती मूळची फिनलंडची, वयाने माझ्याएवढी, म्हणजे पन्नाशीच्या आगेमागे. भेट तासाभराची ठरली होती. ती पाव तासात संपली, कारण आईने पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं आणि आतून सांगितलं, "हिला जायला सांग."

आई कोल्हापूरहून आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आली होती. आमचा फ्लॅट सिंगापूरला, बेडोकमध्ये, चौदाव्या मजल्यावर. आल्यावर पंधरवड्याच्या आत ती आमच्याच बाथरूममध्ये घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया नीट झाली. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हाड धरलं आहे, आता पाय टेकवायला हवा. या वयात जी माणसं अंथरुणाला खिळून राहतात त्यांना पुढे उठवणं फार अवघड जातं. पुढच्या तपासणीपर्यंत त्या उभ्या राहिलेल्या दिसल्या पाहिजेत. मी हिशेब तपासण्याचं काम करते. कुणी 'दिसल्या पाहिजेत' म्हणालं की त्याचा अर्थ मला कळतो.

थेरपिस्ट गेल्यावर मी पांघरूण खाली केलं.

"काय झालं? दुखलं का?"

"तिच्या छातीवर काय लिहिलंय ते वाचलंस का?"

मी वाचलं नव्हतं. नावाची पट्टी होती एवढं आठवत होतं.

"एम, ए, आर, जे, ए," आई म्हणाली. "मर जा."

आईने पोस्टात एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी टपाल वेगळं करण्यात. इंग्रजी पत्ते ती ओठ न हलवता अक्षर अक्षर वाचते. तिथे नाव कानाने ऐकायचं नसतं, डोळ्याने वाचायचं असतं, हे तिचं आवडतं वाक्य. मराठी म्हणून वाचा की हिंदी म्हणून, त्या पाच अक्षरांचा तिच्या लेखी एकच अर्थ होता.

"अगं, परदेशी नाव आहे ते."

"असेल. आणि मला बघितल्या बघितल्या काय म्हणाली ती? 'या, या.' आपल्या मराठीत. मला वाटलं, बिचारी दोन शब्द शिकून आली. तोंडानं म्हणायचं 'या, या' आणि छातीवर लिहायचं 'मर जा'!"

दारात माझा नवरा उभा होता. त्याला हसू आवरेना म्हणून तो चहा ठेवायला गेला.

मी कंपनीला फोन केला. आईला बाईच हवी होती, पुरुषाच्या हातून व्यायाम करून घ्यायला ती तयार नव्हती. कंपनीकडे घरी जाणाऱ्या दोनच बायका होत्या आणि दुसरी रजेवर होती. म्हणजे हीच, नाही तर तपासणीच्या तारखेपर्यंत कुणीच नाही. मी विचारलं, पुढच्या वेळी त्यांना नावाची पट्टी लावल्याशिवाय येता येईल का? फोनवरची मुलगी म्हणाली की पट्टी हा नियम आहे, पण त्या काहीतरी करतील. कारण विचारल्यावर मी "कौटुंबिक" असं म्हटलं. दुसरं काय सांगणार?

त्या संध्याकाळी माझ्या मुलीने ते नाव फोनवर शोधलं. ती इथेच वाढली आहे, सेकंडरीत आहे. तिने खाटेच्या कडेला बसून जाहीर केलं, "आजी, it's not mar-ja lah. Marya! जे म्हणजे य."

"जे म्हणजे ज," आजी म्हणाली. "मला शिकवू नकोस."

"फिनिशमध्ये य. Maria वरून आलंय ते नाव."

मागून माझा नवरा उत्साहाने म्हणाला, "बघा आई! मारिया. म्हणजे देवाचंच नाव निघालं."

आईने त्याच्याकडे थोडा वेळ पाहिलं. "मरीआई?"

आता हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मरी म्हणजे पटकी, आणि मरीआई ही त्या साथीची देवी. चंदगडकडच्या आईच्या गावात तिचं देऊळ वेशीपाशी आहे. साथ आली की तिचा गाडा वाजत गाजत गावाच्या हद्दीबाहेर नेऊन सोडायचे.

"आमच्या गावात तिला वेशीबाहेर पोचवून येतात, जावईबापू," आई म्हणाली. "तुम्ही तिला लिफ्टनं चौदाव्या मजल्यावर आणता. तेही पैसे मोजून."

मुलगी हसत सुटली. मला हसू आलं नाही. आईचा शस्त्रक्रिया झालेला डावा पाय उशीवर होता, सकाळी ठेवला तसाच. तिने तो हलवलाही नव्हता.

मंगळवारी थेरपिस्ट पुन्हा आली. पट्टी होती, पण तिच्यावर पांढरी चिकटपट्टी लावलेली होती. ती आत शिरली, हसली, आणि आईने एक नजर टाकून मला मराठीत सांगितलं, "झाकलंय. म्हणजे तिलाही ठाऊक आहे."

त्या दिवशी आईने तिला गुडघा वाकवू दिला, घोटा फिरवू दिला. खाटेच्या कडेला बसवायची वेळ आली तेव्हा तिने दोन्ही हातांनी गादी धरली आणि डोळे मिटले. थेरपिस्टने सांगितलं, मी सांगितलं. आई जणू घरातच नव्हती. शेवटी थेरपिस्टने आपली पिशवी आवरली आणि मला म्हणाली, "शुक्रवारी बघू." दाराशी चपला घालताना तिने हलक्या आवाजात विचारलं, "मी काही चुकीचं केलं आहे का?"

मी नाही म्हटलं. काय चुकलं ते सांगणं मला जमलं नाही.

दुपारी मी आईची चादर बदलत होते. खाली कॉफी शॉपमध्ये खुर्च्या ओढण्याचे आवाज चालू होते. आई छताकडे बघत म्हणाली, "मला घरी नेऊन टाक."

"तिथे कोण आहे तुझ्याकडे बघायला?"

"नसू दे. जावयाच्या घरात जीव गेलेला बरा दिसत नाही."

"कुणाला बरा दिसत नाही?"

"चारचौघांना."

"इथे कोण चारचौघं आहेत? खालचा कॉफीवाला? शेजारची मलय काकू?"

"तुला सगळ्याची थट्टा सुचते."

मला थट्टा सुचत नव्हती. मी बोलत राहिले नसते तर रडले असते. आई पुढे म्हणाली, "लेकीकडे पाहुणी म्हणून आले आणि ओझं होऊन पडले. पहिल्याच दिवशी दारातून येणाऱ्या बाईच्या अंगावर तेच लिहिलेलं. मग मी काय समजायचं?"

"तू असं समजलीस?"

"मी नाही समजले. मी वाचलं."

रात्री जेवताना नवऱ्याला हे सांगितलं. त्याने भात कालवला. मग म्हणाला, "आईंचं नावाशी भांडण नाही. नाव काढून घेतलं की त्यांच्यापुढे पाय उरतो. पाय टेकायची भीती वाटते हे त्या म्हणू शकत नाहीत, म्हणून नाव."

"मग नावाचं काय करायचं?"

"आधी ते काढून घ्यायचं."

शुक्रवारीही मी अर्धा दिवस रजा घेतली. थेरपिस्ट आल्यावर तिला स्वयंपाकघरात बसवलं, पाणी दिलं आणि सरळ सांगितलं: तुमचं नाव आमच्या भाषेत वाचलं तर त्याचा अर्थ 'मरून जा' असा होतो. आजारी माणसाला असं वाटतं की ते त्याला उद्देशून लिहिलं आहे.

तिने पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "मी या देशात तीन वर्षं आहे. क्लिनिकमध्ये भारतीय रुग्ण माझी पट्टी बघून हसायचे. मला वाटायचं, किती मनमोकळे लोक आहेत."

मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की मी उगाचच ओटा पुसायला घेतला. ती मात्र हसली, मोठ्याने, आणि हसताना तिने पट्टीवरची चिकटपट्टी ओढून काढली. "हे मी धर्माचं काही असेल म्हणून लावलं होतं. मेरीचं नाव चालत नसेल, असं वाटलं. आता याची गरज नाही."

"लावून ठेवा," मी म्हटलं. "आज तरी."

"नको. त्यांनी वाचलेलं आहे."

ती आत गेली, खुर्ची ओढून आईसमोर बसली आणि पट्टीवर बोट ठेवून म्हणाली, "मार्या." मग मला म्हणाली, "मी जे बोलेन ते त्यांच्या भाषेत सांगा, गोड करून नको."

आईने माझ्याकडे पाहिलं. "हिला सांगितलंस?"

"सांगितलं."

"निर्लज्ज," आई मला म्हणाली. पण तिचे डोळे थेरपिस्टवर होते.

थेरपिस्टने सांगितलं ते असं. तिच्या भाषेत जे अक्षराचा उच्चार नेहमी य असाच होतो, अपवाद नाही. आई मध्येच म्हणाली, "अपवाद नाही अशी भाषा नसते." मी तेही सांगितलं. थेरपिस्ट म्हणाली की आमच्या शाळेत तरी असंच शिकवतात, आणि मग थबकली. आईच्या फाइलकडे बघितलं, आईकडे बघितलं. आईचं नाव मी इथे लिहीत नाही. ते दोन अक्षरी आहे आणि ज पासून सुरू होतं.

"मी तुम्हाला काय हाक मारते आहे पहिल्या दिवसापासून?" तिने विचारलं.

"या, या," आई म्हणाली.

"ते तुमचं नाव आहे. म्हणजे मी ते तसं वाचलं. घरच्या सवयीने."

मी भाषांतर केलं. आईचा चेहरा बदलला नाही, फक्त तिने हनुवटी थोडी वर घेतली. पोस्टात कुणी पत्ता चुकीचा लिहून वर हुज्जत घातली की ती तशी करत असणार. "म्हणजे ती मला बोलावत नव्हती."

"नाही."

"आणि मर जा पण म्हणत नव्हती."

"नाही."

"मग आठवडाभर म्हणत काय होती?"

"तुझं नाव, आणि स्वतःचं."

आई पट्टीकडे बघत राहिली. थेरपिस्टला वाटलं, अजून समजवावं लागेल. ती म्हणाली की मार्या हे नाव मारियाचंच एक रूप आहे. हे ऐकून मला वाटलं, मरीआईचा गाडा पुन्हा निघणार. मी ते वाक्य गाळायचा विचार केला, पण गोड करून नको असं तिनेच सांगितलं होतं, म्हणून सांगितलं. आई फक्त "हूं" म्हणाली. थेरपिस्टने पुढे सांगितलं की त्याच अक्षरांचा त्यांच्या भाषेत एक रोजचा शब्दही आहे, मार्या म्हणजे बेरी. तिच्या आईच्या पिढीत हे नाव गल्लोगल्ली होतं, कधी एकटं, कधी दुसऱ्या नावाला जोडून. आईवडिलांच्या मनात मेरी होती की बेरी, हे तिने कधी विचारलं नाही. आता विचारायला ते नाहीत.

"बेरी म्हणजे काय?" आईने मला विचारलं.

इथे मी अडकले. स्ट्रॉबेरी माहीत आहे, ब्लूबेरी माहीत आहे. नुसती बेरी? "बोर," मी म्हटलं.

"काटे असतात का विचार."

विचारलं. बहुतेकांना नसतात, थेरपिस्ट म्हणाली. झुडूप गुडघ्याएवढंही नसतं, जंगलात जमिनीलगत वाढतं.

"मग बोर नव्हे. आत बी एकच मोठी असते का?"

बारीक बारीक बऱ्याच.

"मग करवंदासारखं काहीतरी. पण करवंदाला काटे. आणि जांभूळ झाडावर." आई आता मलाच तपासत होती. "तुला साधा एक शब्द सांगता येत नाही?"

"नाहीये आई आपल्याकडे. करवंदाला करवंद म्हणतो, तोरणाला तोरण म्हणतो. सगळ्यांना मिळून..."

"रानमेवा म्हणतो."

"रानमेवा कुणाचं नाव असतं का?"

"असतं की. हिचं आहे."

थेरपिस्ट आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होती. मी सांगितल्यावर तिने विचारलं, तुम्ही जायचात का रानात फळं वेचायला? त्यांच्याकडे त्यासाठी वेगळा शब्दप्रयोग आहे, 'मार्याला जाणं'. जंगल कुणाचंही असो, कुणीही जाऊन वेचावं, कुणी अडवत नाही.

"आम्हाला वनखात्याचा माणूस हाकलायचा," आई म्हणाली. "तरी जायचो. वैशाखात. पदर फाटायचा, घरी गेल्यावर मार बसायचा."

"कशी तोडायचात? दाखवा."

आई उशांना टेकून बसली होती. तिने हात वर केला आणि हवेतच दोन बोटांनी काहीतरी धरलं.

"नाही, नाही," थेरपिस्ट म्हणाली. "एवढ्यावर कुठे असतात? जाळी कुठे होती?"

"पुढे. आणि खाली उतार." आई चिडली. "उतारावर कशा उभ्या राहता तुम्ही? एका हाताने फांदी ओढायची, वाकायचं..."

ते दाखवण्यासाठी ती खाटेच्या कडेला आली. कुणी बसवलं नाही, ती आली. थेरपिस्टने वॉकर पायाने पुढे सरकवला. आईने त्याची दांडी फांदीसारखी धरली. तिचे दोन्ही पाय जमिनीला लागले होते आणि ती पुढे वाकत होती, उजवा हात लांबवून, चंदगडच्या उताराकडे.

मी पुढे झाले. थेरपिस्टने माझ्याकडे न बघता तळहात आडवा केला: थांब.

आई उठली होती. पूर्ण नाही, गुडघे वाकलेले, पण ढुंगण गादीवरून सुटलेलं. मग तिला ते कळलं. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी झरकन उतरलं. डावा पाय थरथरायला लागला, मग मांडी, मग दांडीवरचा हात. "अगं पडते," ती म्हणाली. "धर. धर मला."

माझे दोन्ही हात तिच्या काखांपासून वीतभर अंतरावर होते. थेरपिस्टचा हात आईच्या कंबरेच्या पट्ट्यावर होता. तो पट्टा तिने कधी बांधला होता ते मला दिसलंच नव्हतं. "सांगा त्यांना, मी धरलं आहे. सांगा, पाय आपलं काम करतो आहे. खाली ढकला म्हणावं, जमीन खाली ढकला."

मी मराठीत ओरडले. आपण ओरडतो आहोत हे मला नंतर कळलं. आईच्या कपाळावरून घाम नाकावर आला आणि तिथून जमिनीवर पडला. गुडघे हळूहळू सरळ झाले. ती उभी होती. तिचं डोकं माझ्या खांद्याला लागत होतं; ती इतकी बुटकी झाली आहे हे मला माहीत नव्हतं.

"फसवलंस मला," आई थेरपिस्टला म्हणाली, मराठीतच.

"काय म्हणाल्या?"

"तुम्ही फसवलंत म्हणते."

"हो," थेरपिस्ट म्हणाली. "बसवू का आता?"

"थांब," आई म्हणाली. हा शब्द सांगावा लागला नाही.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. पुढच्या भेटीत आई दुखतंय म्हणून रडली आणि पाऊल टाकलं नाही. त्यानंतरच्या भेटीत दोन पावलं टाकून तिने वॉकर ढकलून दिला, तो माझ्या नडगीला लागला. पण नावाबद्दल ती परत बोलली नाही. थेरपिस्टला ती नावाने हाक मारत नव्हती, "अगं ए" म्हणायची, आणि थेरपिस्टही आता आईचं नाव ज लावून म्हणायचा प्रयत्न करायची. तो ज तिला नीट जमत नसे; च आणि य यांच्या मधलं काहीतरी निघे. आई तिला तो पुन्हा पुन्हा म्हणायला लावी, आणि तेवढ्या वेळात स्वतः खोलीच्या दारापर्यंत पोचलेली असे. कोण कुणाला फसवत होतं, ते मी मोजलं नाही.

एकदा आईने मला विचारलं, "हिच्या आईवडिलांना खरंच कळलं नसेल का, पोरीचं नाव देवीचं ठेवतोय की फळाचं?"

"तुला काय वाटतं?"

"फळाचं," आई म्हणाली. "देवीचं ठेवायला माणूस घाबरतं."

तपासणीच्या दिवशी ती डॉक्टरांसमोर वॉकर घेऊन खुर्चीपर्यंत चालत गेली. डॉक्टरांनी फिल्म बघितली, चाल बघितली आणि म्हणाले की विमानतळावर व्हीलचेअर लागेल, पण घरात लागू नये. मी विचारलं, परत न पडण्याची खात्री? ते म्हणाले, ती कुणाचीच देता येत नाही. हे उत्तर मला आवडलं, कारण ते खरं होतं. आई जूनमध्ये परत जाणार असं ठरलं. तिकडे दिवसभर थांबणारी एक बाई माझ्या मामेबहिणीने शोधली. जावयाच्या घराचा विषय आईने पुन्हा काढला नाही, आणि मीही काढला नाही. तो संपला आहे असं मी धरून चालत नाही.

आई जाण्याआधीच्या शेवटच्या सोमवारी, हॉस्पिटलमधून येताना भाड्याने घेतलेली व्हीलचेअर परत न्यायला माणूस आला. सत्तरीचा चिनी काका, हातगाडी घेऊन. मी पर्स शोधत आत होते. बाहेर आले तर आई वॉकर धरून उंबऱ्याशी उभी होती आणि तो खुर्ची घडी करताना चाक कुठे अडकतं ते बघत होती. तिच्यामागे कुणी नव्हतं, बाजूला कुणी नव्हतं. मी जागच्या जागी थांबले आणि हाक मारली नाही, कारण हाकेने ती वळली असती.

"Wah, auntie can walk already ah?" काका म्हणाला.

"Slowly," आई म्हणाली.

खुर्चीच्या भाड्याचे राहिलेले चाळीस डॉलर मी त्याच्या हातात रोख दिले.